मंदाबाईच्या गळ्याशी धरलेली चिप

मी चिप बोलतेय. माझा आवाज गोड लागणार नाही, आधीच सांगते. उडदाच्या दाण्याएवढी मी, काळी कुळकुळीत, दोन्ही बाजूंना केसासारखे पाय. मला पाहून लोक आधी म्हणतात, "एवढीशीच?" म्हणू द्या. मी ज्या बाईच्या कामाला लागले, तिलाही कोणी मोजत नव्हतं.

धुळ्याला देवपुरात संघमित्राचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, घराच्या ओटीवरच. तिची आई मंदाबाई. गळ्याच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला. मग गळ्याला लावायचं यंत्र आलं. बटण दाबलं की ते घूं करतं, बाई ओठ हलवते आणि त्या घूंचे शब्द होतात. शेजारणी हसायच्या, "मंदाबाईची चक्की सुरू झाली." मंदाबाई त्याच चक्कीत त्यांना दळून काढायची.

एक दिवस यंत्रातली जुनी चिप जळाली. दुसरा कोणी कागदावर लिहून बोलला असता. मंदाबाईला अक्षर येत नाही. मान हलवावी, तर ती म्हातारपणानं आपोआपच हलते; होकार कुठला न् नकार कुठला, कोणाला कळणार?

नेमका तेव्हाच भडगावहून मंदाबाईच्या धाकट्या भावाचा, देवचंदचा, निरोप आला. गिरणाकाठी बापाचं वावर आहे. त्यातला हक्क बहिणीनं सोडायचा, कागदावर अंगठा द्यायचा. इकडे बहिणी सोडतातच. सोडला नाही तर माहेर तुटतं. रविवारी तो गावातल्या वडीलधाऱ्या हिलाल आबांना साक्षीला घेऊन येणार होता. अंगठा मिळाला नाही, तर गावभर सांगणार की अक्का राजी होती, तिच्या पोरीनं मोडता घातला. म्हणून मंदाबाईला नकार द्यायचा होता तो स्वतःच्या तोंडानं.

जुन्या मापाची चिप आता बनत नाही, म्हणून मला मागवलं. पण माझे पाय यंत्राच्या भोकांना पुरेनात. संघमित्रानं अडॅप्टर बोर्ड घेतला. त्याच्यावर माझ्या पायांसाठी बारीक पट्ट्या, खाली यंत्रात बसणाऱ्या मोठ्या पिना. तिनं मला चिमट्यात धरलं आणि मी निसटले. पडले ती थेट मंदाबाईच्या मांडीवरच्या सुपात. सुपात कळण्याच्या भाकरीसाठी उडीद. काळ्यात काळी.

"आई, हात नको लावू. गेलं आता सगळं," संघमित्रा रडकुंडीला आली.

मंदाबाईनं डोळे वटारून तिला मागे सारलं. मग सूप तिरकं करून हलकेच घोळलं. गोल उडीद घरंगळत पुढे गेले. मी चपटी, खड्यांबरोबर मागे राहिले. बाईनं मला नखावर घेऊन लेकीसमोर धरलं.

मग संघमित्रानं आधी कोपऱ्यातल्या एकाच पायाला वितळलेल्या सोल्डरचा टिपका दिला. भिंगातून पाहिलं, सरळ बसलेय. मग समोरच्या कोपऱ्याला, मग बाकीच्यांना. दोन पाय एकमेकांना चिकटले, ते तिनं तांब्याच्या जाळीनं जादा सोल्डर टिपून सोडवले. चटके बसले. बसू देत. मला रविवारी बोलायचं होतं.

रविवारी चहा झाला. देवचंदनं कागद पुढे सरकवला. "आबा, अक्का राजी शे. पोरगीच आडवी येस."

मंदाबाईनं यंत्र गळ्याला लावून बटण दाबलं. माझ्या अंगातून वीज सळसळली.

"नही," ती म्हणाली. "मना वाटा मना शे. पोरले नाव ठेऊ नको."

मग देवचंद म्हणाला, "हाई अक्का नही बोलस. यंत्र बोलस."

हिलाल आबांनी बशी खाली ठेवली. "मंग यंत्रले वावर पाहिजे का रे?"

देवचंदनं कागदाची घडी घातली. तो उठला, तसं पुन्हा बटण दाबलं गेलं. "जेईसन जाय, भाऊ. भांडण वावरनं शे, भाकरनं नही."

तो जेवला नाही. तिनं मात्र पोटभर खाल्लं.

आता मी त्या यंत्रात असते, तिच्या गळ्याशी. पुन्हा कागद येईल, असं संघमित्रा म्हणते. येऊ दे. तुमच्याही घरी कधी असा कागद सरकेल. तेव्हा गप्प बसलेल्या बाईला राजी धरू नका. ती बोललीच, तर तिचं बोलणं माझ्या नावावर घालू नका. मी नुसती घूं करते. नाही म्हणते ती मंदाबाई.