सायकलच्या ट्यूबची पट्टी

"रबर काढ, हिल्का. तुझ्याकडेच येतायत," मी वॉकीटॉकीवर म्हणालो. मग पुन्हा एकदा म्हणालो.

उत्तर आलं नाही. त्यात नवल नव्हतं. मूस, आमच्या जंगलातलं घोड्याएवढं हरीण, जवळ आलं की हिल्का कधीच बोलत नसे. माझी कुत्री तुइस्कू पुढे भुंकत पळत होती आणि तो आवाज दलदलीच्या कडेने हिल्का बंदूक घेऊन बसली होती त्या ठाण्याकडे सरकत होता. सकाळपासून बर्फ पडत होता. ओला, अर्धा पाण्याचा, लागेल तिथे चिकटणारा. मी एका झाडाला टेकून गोळीच्या आवाजाची वाट पाहत राहिलो. भुंकणं तिच्या ठाण्यापाशी पोचलं, तिथून पुढे गेलं, टेकाडापलीकडे बारीक होत गेलं. गोळी काही सुटली नाही.

"गोठलं वाटतं तिचं ते रबर," मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला कुणी नव्हतं.

हिल्का माझी बायको. आमच्या घरात कुत्रं माझं आणि बंदूक तिची. मी कुत्र्यामागे जंगल तुडवायचं, तिने ठाण्यावर बसून नेम धरायचा, असं लग्नापासून चाललेलं. आमच्या शिकारी गटातली माणसं म्हणायची, रेयोच्या घरात भुंकण्याचं काम त्याच्याकडे आहे, शेवटचा शब्द तिचा. तिच्या बंदुकीवर चांगली दुर्बीण होती, पण दुर्बिणीच्या काचांवर झाकण म्हणून ती सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी ताणून बसवायची. पुढची काच, मागची काच, दोन्ही एका पट्टीत. साठाव्या वाढदिवसाला मी तिला स्प्रिंगची झाकणं आणून दिली, बोट लावलं की टपकन उघडणारी. तिने ती उघडून-मिटून पाहिली आणि म्हणाली, "ही फ्रीजची दारं आहेत. मी शिकारीला चाललेय का दुधाची बाटली काढायला?"

"ट्यूब थंडीत कडक होते," मी म्हणालो.

"आणि हे खट् वाजतं. मूस बहिरा नसतो रेयो, तू आहेस."

तो विषय तिथेच संपला.

त्या दिवशी मी वॉकीटॉकीवरच काउकोला हाक मारली. त्याचं ठाणं तिच्या शेजारचं. म्हटलं, जरा हिल्काकडे बघून ये, ती वॉकीटॉकीवर बोलत नाहीये. तो "बरं" म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मग त्याचा आवाज आला, "रेयो, कुत्रीला राहू दे. तू ये."

आमच्याकडे कुत्रं जंगलात टाकून कुणी येत नाही. रात्र झाली, पाय मोडला, तरी आधी कुत्रं शोधायचं. इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तिथेच, त्या झाडाशीच, कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, एका क्षणात झालं असणार, तिला काही कळलंही नसेल. सगळेच तसं म्हणाले. दफनाच्या दिवशी कॉफी पिता पिता लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणत होते. तुइस्कू दुसऱ्या दिवशी पहाटे आपली आपण घरी आली होती. काउकोने बंदूक रिकामी करून, पिशवीत घालून आमच्या कपाटात कुलूपबंद केली होती. मी ते कपाट उघडलं नाही.

पण मला घरात बसवेना. खुर्चीत बसलो की उठायचो, उठलो की कुठे जायचं ते कळायचं नाही. मग गाडी काढायचो. बंदूक एक तर विकायला हवी होती, नाहीतर माझ्या परवान्यावर घ्यायला हवी होती. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या नावावर घेतोय, आणि घेतोय तर तिला नीट झाकण हवं. मग झाकणं बघायला शिकारीच्या सामानाच्या दुकानात जाऊ लागलो. दुकानदार ओन्नीला पहिल्यांदा बरं वाटलं, माणूस घराबाहेर पडला म्हणून.

"हे घे, लवचीक कापडाचं," तो म्हणाला. "दुर्बिणीला मोज्यासारखं चढतं. ओरबाडलं की निघालं."

"ओलं झालं तर?"

"ओलं झालं तर ओलं होतं. सगळंच ओलं होतं."

"आणि मग गोठलं तर?"

ओन्नीने डोकं खाजवलं. मला दोन वाट्या दोरीने जोडलेलं एक दाखवलं, पारदर्शक झाकणं दाखवली, त्यांच्यातून घाईच्या वेळी न काढताही नेम धरता येतो म्हणे. स्प्रिंगची तर होतीच. मी प्रत्येकातलं एक घेतलं.

"काचेचं माप काय आहे?" त्याने विचारलं. "पुढच्या काचेचं. नाहीतर बसायचं नाही ते."

मला माहीत नव्हतं. बंदूक कपाटात होती. "अंदाजाने दे," मी म्हणालो.

घरी येऊन मी ती झाकणं जॅमच्या बाटल्यांच्या तोंडांवर चढवली, वरून पाणी शिंपडलं आणि फ्रीझरमध्ये ठेवली. मग हातमोजे घालून एकेक काढून बघायचो, निघतंय का. कापडाचं पत्र्यासारखं व्हायचं, पण वाकवलं की सुटायचं. दोरीच्या वाट्या निघायच्या, दोरी नाही. स्प्रिंगच्या झाकणाची बिजागरी बर्फाने भरली की बोटाने काही होत नसे, अंगठ्याचा जोर लागे. निघालं की पुन्हा पाणी, पुन्हा फ्रीझर. मग गोठेपर्यंत काय करायचं म्हणून ओन्नीकडे. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "रेयो, माझा धंदा होतोय, मी कशाला बोलू? पण तुझी एकच बंदूक आहे ना बाबा?"

शेडमध्ये हिल्काची जुनी सायकल होती. तिच्याच ट्यूबमधून ती पट्ट्या कापायची. मी उरलेल्या ट्यूबची तशीच पट्टी कापली आणि तीही बाटलीवर ताणून, भिजवून ठेवली. उघड्या हाताने ओढली की यायची. हातमोज्याने कधी यायची, कधी निसटायची. एकदा आलीच नाही, बाटली हातातून सुटून फुटली.

मला नवीन झाकण नको होतं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्या सकाळी ते रबर निघालं होतं का. मी तिकडून वॉकीटॉकीत 'रबर काढ, रबर काढ' करतोय, मूस समोरून येतायत आणि ती गोठलेल्या पट्टीशी झटतेय, झटता झटताच छातीत कळ आली, असं मला रोज दिसत होतं. रबर बंदुकीवर तसंच होतं, हे मी स्वतः तिथे पोचल्यावर पाहिलं होतं.

माइरे, हिल्काची धाकटी बहीण, रविवारी वेलदोड्याचे पाव घेऊन आली. कॉफीसोबत लिंगोनबेरीची आंबट लाल फळं काढायला म्हणून तिने फ्रीझर उघडला.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "रेयो, या बाटल्यांना टोप्या कशाला घातल्यास?"

मी सांगितलं. झाकणांचं सांगितलं, मग रबराचंही सांगितलं. तिने फ्रीझरचं दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिली.

"तिथे पहिला कोण पोचला?"

"काउको."

"मग त्याला विचार की. या फ्रीझरला काय विचारतोस? फ्रीझर नव्हता तिथे."

"त्याला माहीत असतं तर तो बोलला असता."

"काउको?" माइरे म्हणाली. "त्याच्या गोठ्याला आग लागली तेव्हा तो आमच्याकडे येऊन आधी हवापाण्याचं बोलला होता."

पाव तसेच ठेवून मी निघालो. मागून ती ओरडली, "टोपी घाल! बाटल्यांना घातल्यास, स्वतःला घाल!"

काउको अंगणात लाकडं फोडत होता. मला पाहून त्याने आणखी दोन ओंडके फोडले, मग कुऱ्हाड ठोकळ्यात रोवली.

"कॉफी?"

"नको. पिऊन आलो." पिऊन आलो नव्हतो. "हिल्काचं रबर. तू गेलास तेव्हा ते कसं होतं?"

"बसवलेलं होतं."

"ते मीही पाहिलं."

काउकोने मिशी पुसली. लाकडाच्या ढिगाकडे बघत तो म्हणाला, "मी बसवलेलं पाहिलंस तू. मी काढून परत बसवलं होतं."

"का काढलंस?"

"तिला बघितलं. मग काही करण्यासारखं राहिलं नाही. मग बंदूक रिकामी केली, गोळी झाडलेली नव्हती. समोर मोकळ्यावर पावलं होती. मला वाटलं, मूस अजून पलीकडे उभे असतील तर बघू. खरं म्हणजे, रेयो, मला कुठेतरी बघायला हवं होतं. तिच्याकडे नको. म्हणून रबर ओढलं आणि दुर्बीण डोळ्याला लावली."

"निघालं? सहज?"

"निघालं. पण दिसलं काही नाही. काचेवर बर्फ होता."

"रबरावर."

"रबराखाली," काउको म्हणाला.

हिल्का ती पट्टी घरीच बसवायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कोरड्या काचेवर, कोरड्या हाताने. त्या सकाळीही मी समोर बसून चहात ब्रेड बुडवत होतो आणि ती पट्टी ताणत होती. रबराखाली बर्फ जायला रबर बर्फातच निघायला हवं.

"पावलं मादीची होती," काउको म्हणाला. "आणि दोन पिल्लांची. त्या दिवशी आपलं ठरलं होतं, फक्त नर. तिने उघडलं, पाहिलं, झाकलं."

"म्हणजे ती झटली नाही त्याच्याशी."

"नाही. बर्फ सगळ्या काचेवर सारखा होता, म्हणजे काच बराच वेळ उघडी होती. वेळ घेऊन पाहिलं तिने. ती तीन जणं तिच्या समोरून चालत गेली, पळत नाही. पावलं जवळजवळ होती."

मी त्या ठोकळ्यावर, कुऱ्हाडीशेजारी बसलो. कितीतरी दिवसांनी मी कुठेतरी बसलो आणि लगेच उठलो नाही. मग ते माझ्या लक्षात आलं.

"ती काच पुसल्याशिवाय झाकायची नाही," मी म्हणालो. "स्कार्फच्या टोकाने पुसायची. घरात असली तरी."

"हो."

"आणि मादी असली की ती पुढे निघून गेल्यावर वॉकीटॉकीवर सांगायची. 'बाई चाललीय लेकरं घेऊन,' असं."

"हो," काउको म्हणाला. "ते मलाही खटकलं."

"म्हणजे तेव्हाच तिला बरं वाटत नव्हतं."

काउकोने एक ढलपी उचलली, बोटांत फिरवली, खाली टाकली. "म्हणून तर बोललो नाही मी."

डॉक्टर म्हणाले होते एका क्षणात. तेवढं लहान नव्हतं ते. झाकण परत बसवण्याइतका वेळ होता. पुसण्याइतका नव्हता, किंवा तेवढी ताकद नव्हती. तरी तिने पट्टी ताणून बसवली, बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि पाठ झाडाला टेकवली. मी तेव्हा पलीकडे तिच्या रबराला शिव्या देत होतो.

"मुलीला सांगशील?" काउकोने विचारलं. आमची मुलगी दूर, शहरात असते.

"बघू."

"काच पूस मात्र," तो म्हणाला. "मी तशीच झाकली. डाग धरेल. परवा पुन्हा निघतोय आम्ही. तुइस्कूला घेऊन ये. बंदूक नसली तरी चालेल."

घरी आलो तेव्हा माइरे गेली होती. पाव टेबलावर फडक्याखाली होते आणि फ्रीझरमधल्या बाटल्या तिने धुऊन पालथ्या घातल्या होत्या. झाकणं एका पिशवीत भरून दाराशी ठेवली होती, ओन्नीकडे परत द्यायला. मी कपाट उघडलं, बंदूक टेबलावर घेतली. पट्टी एका बोटाने निघाली. पुढच्या काचेवर त्या सकाळचा बर्फ वितळून वाळल्याचे डाग होते. बारीक कडांची वर्तुळं, एकात एक गेलेली. त्यांच्यातून खिडकीबाहेर पाहिलं तर शेड दिसते, तिच्या उघड्या दारातली सायकल दिसते, पण धूसर.

कपाटाच्या आतल्या खुंटीवर तिचा स्कार्फ आहे. तो मी काढून हातात घेतला, आणि परत खुंटीला अडकवला. पट्टी पुन्हा बसवली.

ठरल्या दिवशी मी तुइस्कूला घेऊन गेलो. चांगली पळाली. आता बर्फ घट्ट झालाय, आणि परवान्याचा कागदही भरून दिलाय. काच अजून पुसलेली नाही.