पात्याचा सूर

वजीरने बाभळीची खुंटी पात्यावर मारली आणि कान पुढे केला. पातं थरथरलेलं दिसलं. आवाज मात्र आला नाही.

जुन्नरच्या त्या लाकडाच्या वखारीतली करवत वजीरच्या लग्नाच्याही आधीची. वरच्या आणि खालच्या चाकावरून पोलादी पात्याचा लांब वेढा फिरायचा. हँडल फिरवलं की वरचं चाक उचलायचं आणि पातं ताणलं जायचं. ताण दाखवणारा काटा कधीच एका जागी मरून बसला होता. म्हणून संध्याकाळी पातं सैल सोडायचं आणि सकाळी खुंटी मारून आवाज ऐकत पुन्हा चढवायचं, हलगीवाला शेकून शेकून थाप बघतो तसं. सैल राहिलं तर पातं चाकावरून उतरतं, जास्त ताणलं तर तुटतं. कसंही झालं तरी ते पलीकडे उभ्या माणसाच्या अंगावर जातं. पलीकडे गेणू असायचा, चिरलेली फळी ओढून घ्यायला.

वखारीत वजीरच्या कानाचा मोठा दबदबा. आमच्या वजीरभाईंशी पातं बोलतं, असं चांगदेव मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. त्याच पात्याशेजारी उभं राहून राहून ते कान गेले, हे आता सांगायचं कुणाला? समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं तर बोलणं कळायचं, एवढंच. बायकोने, चांदबीने, घरात ओळखलं होतं. बाहेर बोलू नका, पोटावर पाय येईल, असं तीच म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून वजीर अंगठ्याने पातं दाबून अंदाजावर भागवत होता. परवा ते उतरलं आणि गेणूच्या शेजारच्या खांबाची ढलपी काढून गेलं. गेणू हसला, मरण काय सांगून येतं व्हय म्हणाला. वजीरला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

आज ट्रॉलीवर येडगावहून आलेला चिंचेचा ओंडका होता, गाठीगाठींचा. सैल पातं अशा गाठीला हमखास दगा देतं. मालक दारातून हाताने खुणावत होते, चालू करा. वजीरने पुन्हा खुंटी मारली. काहीच नाही. त्याला भीती वाटली, स्वतःची नव्हे, गेणूची. मग त्याने वाट काढली. आपले कान गेले, पण गेणूचे तर आहेत. कारण सांगायचं नाही, नुसतं विचारायचं.

त्याने हाताने बोलावलं. गेणू आला. ऐक म्हटल्यावर पात्याजवळ वाकला. वजीरने खुंटी मारली, आणि गेणूने लगेच मान डोलावली.

ती मान वजीरच्या ओळखीची होती. चांदबीचं बोलणं कळलं नाही की तो स्वतः घरी अशीच मान डोलावायचा.

"डोळं मिटून ऐक बरं," तो म्हणाला.

गेणूने डोळे मिटले. वजीरने खुंटी उगारली आणि पात्याच्या अलीकडे हवेतच धरली. क्षणभर थांबून गेणूने पुन्हा मान डोलावली.

"झ्याक लागलंय. कर चालू."

वजीरने गेणूच्या खांद्याला धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"कवापासून, गेणू?"

गेणूने त्याच्या ओठांकडे बघितलं, मग हातातल्या खुंटीकडे. काय झालं ते त्याला उमगलं. तो ओशाळला.

"दिवाळीच्या आदीपासनं. कामावरनं काढत्याल म्हणून बोललो न्हाई. तुजा कान हाय म्हणून निवांत व्हतो, राव."

"माजाबी गेलाय," वजीर म्हणाला.

गेणू पात्यापासून दोन पावलं मागे सरला. इतक्या वर्षांत तो असा कधी मागे सरला नव्हता, आणि ते बघून वजीरला रडू आलं.

त्याने हँडलला हात घातला आणि ते उलटं फिरवायला सुरुवात केली. पातं ढिलं पडत चाकावरून उतरलं. गेणूने खाली वाकून ते दोन्ही हातांनी झेललं. पाठीमागे दारातून मालक एकेकाचं नाव घेऊन ओरडत होते. दोघांपैकी कुणीच वळून बघितलं नाही.