परांचीला परवाना लागत नाही

उघड्या आकाशाखाली बसावं ही माणसाची आदिम ओढ आहे आणि तिच्यापुढे राजवाडेही फिके पडतात. लोवेल टॉर्गर्सनच्या माहितीप्रमाणे ही ओढ चौरस फुटाला साठ डॉलरला पडते. कठडा आणि पायऱ्या वेगळ्या.

लोवेल आणि त्याची बायको आर्डिस यांनी मिनेसोटातलं ते घर नवंकोरं घेतलं, तेव्हा जेवणाच्या खोलीला मागच्या बाजूने एक सरकतं काचेचं दार होतं. ते थेट हवेत उघडायचं. खाली पाच फुटांवर गवत. तिथे डेक, म्हणजे दाराबाहेरचा लाकडी ओटा, घरमालकाने सवडीने करून घ्यावा अशी बिल्डरची अपेक्षा होती. तोवर कुणी कॉफीच्या कपासकट खाली जाऊ नये म्हणून त्याने दारावर बाहेरून एक आडवी फळी मारून दिली होती. त्या गल्लीतल्या सगळ्याच घरांना तशी फळी होती. दोन-तीन वर्षांत बाकीच्यांच्या फळ्या गेल्या. टॉर्गर्सनांची एकोणीस वर्षं राहिली.

लोवेल चिक्कू होता असं नाही. चिक्कू माणूस विषयच काढत नाही. लोवेल दर मार्चमध्ये तीन सुतारांना बोलावून तीन अंदाजपत्रकं घ्यायचा, कारण आमच्याकडे शहाणा माणूस तीन घेतो आणि मधलं निवडतो. मधलं तो निवडायचाही. मग म्हणायचा, "लाकूड सध्या फार चढलंय. पुढच्या वर्षी उतरेल." मधे एकदा ते खरंच उतरलं. तेव्हा तो म्हणाला, अजून उतरेल.

येणाऱ्या प्रत्येक सुताराला आर्डिस कॉफी आणि रुबार्बचा आंबटगोड केक द्यायची. सुतार गेला की ताटली उचलताना म्हणायची, "बरं. पुढच्या वर्षी." एकदाच, अंदाजपत्रकांची फाइल खणात मावेना तेव्हा, ती म्हणाली, "लोवेल, हे कागद नुसते एकावर एक रचले असते ना, तरी एव्हाना दारापर्यंत ओटा आला असता." लोवेल मनापासून हसला. बायकोची विनोदबुद्धी त्याला पहिल्यापासून आवडायची.

नोव्हेंबरमध्ये आर्डिसच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टर पाऊण तास सगळं समजावून सांगत होते. येत्या वसंत ऋतूबद्दल मात्र काही बोलले नाहीत. जानेवारीअखेर तिला जिना चढवेना, तेव्हा पलंग जेवणाच्या खोलीत आणला. तो एकाच जागी मावत होता, काचेच्या दारासमोर.

"मला एकदा या दारातून बाहेर जायचंय," आर्डिस म्हणाली.

"पुढच्या दारातून नेतो की. गाडीपर्यंत मस्त उतार आहे."

"पुढच्या दारातून मी किराणा आणायला जाते. या दारातून, लोवेल."

लोवेलने फाइल उघडली नाही. ड्वेन कूबाट नावाच्या सुताराचं अंदाजपत्रक आजवर नऊ वेळा मधलं निघालं होतं. त्याने सरळ ड्वेनला फोन केला. एकट्यालाच.

ड्वेन आला, गुडघाभर बर्फातून घरामागे गेला आणि बर्फ बाजूला सारून त्याने जमिनीवर पहार मारली. दगडावर मारावी तसा आवाज झाला.

"चार फूट गोठलीय," तो म्हणाला. "खांबांचे खड्डे त्याच्याखाली न्यावे लागतात, नाहीतर हिवाळा खांबच वर उचलतो. आणि काँक्रीट ओतायच्या आधी काउंटीच्या कचेरीतला माणूस येऊन प्रत्येक खड्ड्यात डोकावून जातो. त्याशिवाय परवाना नाही. मे महिना धरा."

"जास्त पैसे देतो."

ड्वेनने पहार खाली ठेवली. हे वाक्य त्याने त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. मग त्याला काचेपलीकडचा पलंग दिसला.

तो आत येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आज केक नाही हं, ड्वेन," आर्डिस म्हणाली. "सुतार येणारेत हे मला कुणी सांगितलंच नाही."

"नऊ तुकडे खाल्लेत, आर्डिस. तेही एक खिळा न ठोकता. माझ्याएवढा महागडा सुतार अख्ख्या काउंटीत नसेल."

ती हसली. हसताना तिने पोटावर हात दाबून धरला होता.

शनिवारी सकाळी ड्वेनचा ट्रक परत आला. त्यातून लोखंडी सांगाडे उतरले, जाड फळ्या उतरल्या. घराच्या भिंती रंगवताना उभारतात तसली ती परांची होती. कोट चढवून लोवेल धावत बाहेर गेला.

"अरे, परवान्याचं काय?"

"हा डेक थोडाच आहे? परांची आहे. परांचीला परवाना लागत नाही. मी भिंत रंगवायला आलोय."

"फेब्रुवारीत?"

"रंग वाळायला जरा वेळ लागेल."

दारावरची फळी चार स्क्रूंवर होती. ती निघायला मिनिटही लागलं नाही. बारा वाजेपर्यंत दाराच्या उंबऱ्याला लागून, कठड्यासकट, आठ बाय सहाचा चौथरा उभा राहिला. गोठलेल्या जमिनीवर तो कधी नव्हे इतका पक्का बसला होता. किती द्यायचे, असं लोवेलने विचारलं.

"आधी आणखी दोघांना विचारून या," ड्वेन म्हणाला आणि निघून गेला.

रोज येणाऱ्या नर्सने आर्डिसला चाकांच्या खुर्चीत बसवलं, दोन पांघरुणं गुंडाळली. आर्डिसने कान झाकणारी आपली लाल टोपी मागून घेतली. पारा गोठणबिंदूच्या आठ अंश खाली होता, पण वारा नव्हता. ऊन होतं. "दहा मिनिटं न्यायला हरकत नाही," नर्स म्हणाली.

लोवेलने दार हातभर सरकवलं. गार हवा आत आली. आर्डिसने डोळे मिटून ती छातीत भरून घेतली आणि तिला खोकला आला. लोवेलने दार लावून टाकलं.

"मंगळवारी," तो म्हणाला. "मंगळवारी पारा वर चढणार आहे. टीव्हीवर सांगितलंय, दिवसभर ऊन. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. आज उगाच सर्दी झाली म्हणजे?"

नर्सने त्याच्याकडे पाहिलं आणि ती रक्तदाबाचा पट्टा गुंडाळू लागली. त्या घरात त्या आठवड्यात सर्दीला कोण विचारणार होतं, हे लोवेललाही कळत होतं. पण आज तिला बाहेर नेलं की ते होऊन जाणार होतं. त्यानंतर वाट बघायला काय उरणार होतं, तेही त्याला माहीत होतं.

आर्डिस काचेतून फळ्यांकडे बघत राहिली.

"अरे, ते तयार आहे," ती म्हणाली. "मीही तयार आहे."

"मंगळवारी माझीपण खुर्ची ठेवतो बाहेर. कॉफी घेऊ. दोघं."

तिने टोपी काढली. कानांवरच्या झडपा आत दुमडून ती मांडीवर ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "मंगळवारी."

सोमवारी सकाळी, नर्स यायच्या आधी, आर्डिस गेली. तिला पुढच्या दारातून नेलं. उतार असल्यामुळे सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ड्वेनचा फोन आला. त्याने विचारलं, परांची काढून नेऊ का.

"राहू दे," लोवेल म्हणाला. "रंग वाळला नाही अजून."

त्याने दोन कप कॉफी केली. स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, काचेचं दार सरकवलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून बाहेर पाऊल टाकलं. एक कप फळीवर ठेवला, त्याच्याशेजारी लाल टोपी. दुसरा हातात धरून तो बसला.

मंगळवारी दिवसभर ढग होते. पारा शनिवारपेक्षा सहा अंशांनी खाली होता.