साखळी लावलेलं दार

माणूस बघितल्याबरोबर मला ओळखता येतो, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. दादरच्या चाळीत वाढलेय मी, लबाड माणसं काय कमी पाहिली? नेरुळला फ्लॅट घेतला तेव्हा सामान लावायच्या आधी दाराला साखळी बसवून घेतली. आमचे हे, नंदकुमार, म्हणाले, अजून शेजारी यायचेत, चोर कशाला येतील? त्यांचं गावाकडचं भोळेपण मी लग्नापासून ऐकून घेत होते. हे कोल्हापूरकडचे. तिकडे म्हणे दाराला कडी फक्त कुत्र्यासाठी लावतात.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत यांची बहीण आणि मेहुणे मुंबई बघायला आले. सुमित्रावन्सं आणि कृष्णातभाऊजी. भाऊजी एसटीत ड्रायव्हर होते, डिसेंबरात निवृत्त झाले होते. तीस वर्षं लोकांना देवाला, लग्नाला, बाजाराला पोचवलं, आता मला कोणीतरी फिरवा, असं म्हणत आले. गडी मोठा बोलका. बिल्डिंगच्या वॉचमनचं गाव, त्याच्या म्हशी, त्याच्या मुलीचं लग्न, हे सगळं त्यांना जिना चढायच्या आत माहीत झालं. पाच वर्षं तो वॉचमन आमच्याकडे होता, मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

मी त्यांना त्याच संध्याकाळी समोर बसवलं आणि नियम सांगितले. मुंबईत अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. आपण कुठून आलो, कुठे उतरलो, हे तर अजिबात सांगायचं नाही. अंगावर सोनं नको. वन्संनी निमूट पाटल्या काढल्या. भाऊजींची अंगठी मात्र निघेना. सासऱ्यांनी लग्नात घातलेली, तेव्हापासून कधी काढलेलीच नव्हती. मी साबण लावून पिळून पिळून काढली. खाली बोटावर पांढराफटक वण निघाला. घड्याळही काढून घेतलं, तिथेही तसाच पट्टा. भाऊजी हात उलटसुलट करून बघत म्हणाले, आता मीच मला ओळखणार नाही. वन्सं पोट धरून हसल्या. मी सगळं रुमालात बांधलं आणि कपाटाच्या तिजोरीत ठेवून किल्ली कमरेला लावली.

भाऊजींच्या बनियनला मी आतून खिसा शिवून दिला. त्यात पत्त्याची चिठ्ठी, माझ्या अक्षरात. बरं वाईट काही झालं तर कोणीतरी घरी आणून सोडेल म्हणून. आणि शेवटचा नियम, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. आमच्या सोसायटीत मागच्या दिवाळीत एक प्रकार झाला होता. दुपारी दोघे जण एका बाईच्या दाराशी आले, तुमच्या मिस्टरांना कंपनीत अपघात झालाय, ताबडतोब चला म्हणाले. बाई आहे तशी धावत सुटली. मिस्टर कंपनीत चहा पीत होते आणि इकडे घर धुऊन नेलं होतं. तेव्हापासून जिन्याखालच्या बोर्डावर मी स्वतः नोटीस लिहून लावली होती: अपघाताचा निरोप घेऊन अनोळखी माणूस आल्यास दार उघडू नये, त्याच्याबरोबर जाऊ नये. मी सोसायटीच्या कमिटीवर होते. ती नोटीस मी वन्संना नेऊन दाखवली. वन्संना वाचता येतं, पण सावकाश. त्यांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली.

चार दिवस आम्ही मुंबई पाहिली. गेट वे, राणीचा बाग, म्हातारीचा बूट, चौपाटी. मी पुढे, हे मागे, मध्ये पाहुणे, असे चालायचो. भाऊजी कणीसवाल्याशी बोलायला थांबले की मी कोपर ओढायची. चौपाटीवर एका फोटोवाल्यानं दोघांचा फोटो काढू का विचारलं, वन्संची फार इच्छा होती, पण मी त्याला हाकलला. घरचा पत्ता मागतात हे लोक. फोटो राहून गेला. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी वन्संचे पाय सुजले. भाऊजींना मात्र लाँचमध्ये बसायचं होतं. रत्नागिरीला गाडी घेऊन जाताना समुद्र पुष्कळदा लांबून पाहिला, पण पाण्यावर कधी गेलो नाही, असं ते आल्यापासून म्हणत होते. इथून एसटीनं उरणला जायचं, पुढे मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचनं भाऊच्या धक्क्याला, आणि तसंच परत. यांना सुट्टी नव्हती. मी नको म्हणत होते. भाऊजी म्हणाले, वैनी, एसटीत बसलो की मी माझ्या घरात, काळजी करू नका. सकाळी सात वाजता ते गेले. जाताना छातीवर थोपटून चिठ्ठी असल्याचं दाखवलं. हात रिकामे दिसत होते.

दुपारी दीडच्या सुमारास बेल वाजली. मी साखळी लावूनच दार उघडलं. बाहेर तिशीतला एक माणूस, अंगात खारट झालेला शर्ट, पायात रबरी चप्पल. फटीतून मासळीचा वास आत आला. नंदकुमार साहेबांचं घर हेच का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुम्ही कोण?

"मी हरेश. मोऱ्याशी आलोय, ताय. तुमचं पावनं धक्क्याव पडलं. उरनच्या सरकारी दवाखान्यान नेलाय त्याना. शुद्ध हाय, बायकोला बलवतान. टेम्पो खाली हाय, चला लवकर."

माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीनं नाही. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. नोटिशीत लिहिलेला शब्दन् शब्द माझ्यासमोर उभा होता आणि मी तयारीत होते. मी शांतपणे विचारलं, पत्ता कुठून मिळाला? त्यानं खिशातून चिठ्ठी काढली आणि फटीतून आत सरकवली. माझंच अक्षर. माझ्या हातची शिवण उसवून काढलेली. म्हणजे भाऊजींचा खिसा मारला होता आणि चिठ्ठीवरून चोर सरळ घरी आला होता. दुसरं काही असू शकेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. बरं वाईट झालं तर घरी कळावं म्हणूनच ती चिठ्ठी मी लिहिली होती, हेही नाही.

तोवर वन्सं लंगडत माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, कसे आहेत दिसायला? तो सांगू लागला. उंच, खाकी पँट, मिशी पिकलेली. ते काय, कोणीही लांबून पाहून सांगेल. मग तो म्हणाला, "हातान घड्याल नाय, अंगठी नाय. दोन्ही जागी पांढरं वन हायेत."

"म्हणजे अंगठी पण काढून घेतलीत," मी म्हणाले.

वन्संनी मान वळवून कपाटाकडे पाहिलं. मला वाटलं, बाईचा जीव सोन्यात अडकलाय.

आवाज ऐकून समोरच्या गीतांजलीनं दार उघडलं. ती म्हणाली, सुनीतीताई, हाच तो प्रकार, पोलिसांना फोन करा. बिल्डिंगमध्ये फोन एकट्या तिच्याकडे, तोही चार दिवस डेड होता. वन्संनी पदर खांद्यावर घेतला आणि चपला शोधू लागल्या. मी त्यांचा दंड धरला. माझ्या जबाबदारीवर आलाय तुम्ही, म्हटलं, उद्या काही झालं तर तुमच्या भावाला मी काय तोंड दाखवू? त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा फटीकडे पाहिलं. मग चपला तिथेच सोडून खाली बसल्या. तो माणूस म्हणाला, ताय, तुमी पन चला, शेजारचे दोघे घ्या, टेम्पोन जागा हाय. मी दार लावून घेतलं. वॉचमननं त्याला खाली हुसकावला. खिडकीच्या पडद्याआडून मी बघत होते. अर्धा तास तो टेम्पोला टेकून वर बघत उभा होता. मग गेला.

रिक्षा करून पोलीस चौकीवर जाता आलं असतं. चौकीवरून उरणला फोन लावून मागता आला असता. टेम्पोचा नंबर लिहून घेऊन चार शेजाऱ्यांबरोबर वन्संना पाठवता आलं असतं. हे सगळं मला नंतर लोकांनी सांगितलं, आणि आता रोज मी मला सांगते. तेव्हा मी चहा टाकला. वन्संना म्हटलं, बघा, म्हणून मी नियम केले. त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

साडेसहाला हे आले. मी दारातच सगळा किस्सा रंगवून सांगितला. यांचा चेहरा बघता बघता उतरला. भाऊजी आले का, एवढंच त्यांनी विचारलं. चारला यायचे होते, आले नव्हते. हे बूट न काढता खाली धावले आणि जिन्यातच त्यांना हवालदार भेटला. उरणहून निरोप होता. कृष्णातभाऊजी दुपारी साडेचारला गेले.

दीडला टेम्पो निघाला असता तर आम्ही तीनच्या आत पोचलो असतो. दीड तास मिळाला असता. त्या दीड तासाचा हिशेब मी कोणाला देऊ?

दवाखान्याच्या व्हरांड्यात तो हरेश बसला होता. भाऊजींची पिशवी त्याच्या मांडीवर. पिशवीत पाण्याची बाटली, मी दिलेल्या पोळ्या, लाँचची दोन तिकिटं. म्हणजे पाण्यावरून जाऊन आले होते, परत उतरतानाच कोसळले. पिशवी त्यानं वन्संच्या हातात दिली. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ह्यांनी हात जोडले, काही बोलणं झालं का त्यांच्याशी, म्हणून विचारलं.

हरेश वन्संकडे वळून म्हणाला, "मी परत आलो तवा डोलं उघडंच व्हतं. दाराकडं बघत व्हतं. मी सांगला, बाय येते, वाटेन हाय. दुसरा काय सांगनार?"

मी त्याला चोर ठरवलं, आणि जाणाऱ्या माणसाला त्यानं हे सांगितलं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी जागची हलले नाही. माझा हट्टी स्वभाव तिथेही मला सोडून गेला नाही.

क्रियाकर्म गावी झालं. तिथे कोणी मला शब्दानं दुखावलं नाही. उलट शहरातल्या माणसाला सावध राहावंच लागतं, असं दोघा-चौघांनी बोलून दाखवलं. ते ऐकून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस यायची. सोसायटीत तर नोटीस अजून तशीच आहे. ती काढा असं मी कमिटीत म्हटलं, तर सगळे म्हणाले, सुनीतीताई, एका प्रसंगानं नियम बदलत नाहीत. मीच कोणाला तरी कधीतरी असं म्हटलं असणार.

एप्रिलमध्ये वन्सं सामान न्यायला आल्या. त्या दिवशी जे घाईनं नेलं ते नेलं, बाकीचं माझ्याकडेच होतं. मी कपाट उघडलं, तिजोरीतून रुमाल काढला आणि गाठ सोडून त्यांच्यापुढे ठेवला. पाटल्या, घड्याळ, अंगठी. त्यांनी अंगठी उचलून तळहातावर ठेवली. 

"वैनी, त्यो माणूस बोटावरच्या वणाचं बोलला, तवाच मला कळलं हुतं. वण आपल्या घरातला हुता. अंगठी ह्या कपाटात हाय, हे तुमाला ठावं, मला ठावं. चोर खिसा बघंल, बोटावरचा वण कशाला बघंल?"

मग बोलला का नाहीत, मी म्हटलं. माझा हात झटकून का गेला नाहीत?

"तुमचं घर. तुमचं शेर. तुमी शिकल्यासवरलेल्या," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच चुकत असंल."

त्यांनी पाटल्या हातात घातल्या नाहीत. सगळं परत रुमालात बांधलं, पिशवीच्या तळाशी ठेवलं. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, नीट बघून घ्या वन्सं, सगळं आहे ना?

त्यांनी चपला घातल्या आणि दाराची साखळी स्वतःच्या हातानं काढली.

"हाय की," त्या म्हणाल्या. "मुंबईत आमचं काय बी चोरीला गेलं न्हाई, वैनी."