खारीक माझ्या पट्ट्यावर धावली तेव्हा

मित्रांनो, जागच्या जागी पळायचं यंत्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. मी तशीच एक जुनी ट्रेडमिल. माझा मुक्काम आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावी, एका घरामागच्या शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी असतो. हे शेजारी निदान उन्हाळ्यात तरी बाहेर पडतात. मला तेही सुख नाही. माझी ही दशा कोणामुळे झाली ते आज मी सांगणार आहे. सांगताना माझा तोल जाईल, तेवढं सांभाळून घ्या. तिचं नाव खारीक.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात मोटार बसवली, वरून काळा पट्टा ताणला आणि एका वजनदार माणसाने माझ्यावर पळून बघितलं. मी पास झाले. मग एका जानेवारीत विनयने मला घरी आणलं. विनय इथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि त्याची बायको स्वरूपा इस्पितळात डॉक्टर आहे. त्यांना पूर्वी नावाची मुलगी, ती तेव्हा बालवाडीत होती. मला पुढच्या खोलीत, खिडकीखाली, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या उबेला जागा मिळाली. घरातली सर्वांत चांगली जागा ती! पाहुणे आले की विनय मला चालू करून दाखवायचा आणि पाहुणे माझ्यावर चार पावलं टाकून खूश व्हायचे. मी अगदी फुगून गेले होते.

पण कौतुक किती दिवस टिकणार? विनयचं पळणं आधी रविवारपुरतं उरलं, मग 'येत्या सोमवारपासून' यावर आलं. आयर्लंडात कपडे बाहेर वाळत घालणं म्हणजे पावसाला आमंत्रण, त्यामुळे स्वरूपाने माझ्या दांड्यांवर पूर्वीच्या शाळेचे स्वेटर आणि मोजे टाकायला सुरुवात केली. मला वाईट वाटलं, पण मी मनाची समजूत घातली. जागा तर माझीच होती ना!

आणि मग ती आली.

खारीक ही शर्यतीची कुत्री. ग्रेहाउंड. अंगाने काटकुळी, पाय लांबच लांब, रंग सुकलेल्या खारकेसारखा, म्हणून पूर्वीने ते नाव ठेवलं. मैदानात तिचं नाव क्लोनमोर क्वीन होतं म्हणे. तिथे रुळावरून एक खोटा ससा सूं करत पुढे जातो आणि त्याच्यामागे सहा कुत्री जिवाच्या आकांताने धावतात. ससा कोणालाच मिळत नाही. खारीक काही शर्यती जिंकली, मग मागे पडू लागली, मग तिला निवृत्त केलं. अशा कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या एक बाई तिला घेऊन आल्या आणि सांगून गेल्या, "दिवसातून दोन छोट्या फेऱ्या पुरेत. बाकी ती झोपेल. ही मंडळी फार झोपतात."

झोपेल? अहो, तिने झोपेचा कारखानाच उघडला. पाठीवर पडून चारही पाय वर करून झोपायची, डोळे अर्धे उघडे ठेवून झोपायची. कधी घरात राहिलेलीच नसल्याने तिला जिना चढता येत नव्हता. काचेचं दार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तर त्यावर नाक आपटून घ्यायची. आणि या अडाणीपणाचंही घरभर कौतुक! "शी इज सो गुड, आई! लुक अ‍ॅट हर!" असं पूर्वी दिवसातून कितीदा ओरडायची. पूर्वीला मराठी सगळं कळतं, पण प्रेम आलं की ती इथल्या इंग्रजीतच बोलते.

मी विचार करायचे, हिचं आणि माझं वेगळं काय आहे? हीसुद्धा आयुष्यभर धावून कुठेच पोचली नाही, मीही नाही. हिने धावणं थांबवलं तर हिला लोकरीचा कोट, उकडलेली कोंबडी आणि पोटावर खाजवून घेणं. माझं धावणं थांबलं तर मला ओले मोजे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मोटार बंद असूनही मी आतून गरम असायचे.

त्यात एके दिवशी स्वरूपा म्हणाली, "विनय, तिच्या अंगावर चरबीच नाही रे, केवढी कुडकुडते. तिचं अंथरूण रेडिएटरपाशी टाकू या. हे धूड काढ इथून."

धूड म्हणजे मी.

"राहू दे ना गं," विनय म्हणाला, "येत्या सोमवारपासून करणार आहे मी सुरू."

"असे किती सोमवार गेले. बाबा येतायत ना, ते परत जाईपर्यंत कुणी वापरली तर ठेवू. नाहीतर टाकून येऊ."

मित्रांनो, तेव्हापासून मी बाबांची वाट बघू लागले. विनयचे वडील, सुभाष आजोबा, सांगलीकडच्या एका शाळेत खो-खो शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गळ्यात शिट्टी आणि पायात कॅनव्हासचे बूट कायम. आल्या दिवशी त्यांनी मला बघितलं, मोजे उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "झकास मशीन हाय की रं विनय! ह्याच्यावर कापडं कसली वाळवताय?"

माझा आनंद काय सांगू! रोज सकाळी कानटोपी घालून आजोबा माझ्यावर चालायचे. त्यांचा डावा पाय जरा उशिरा पडायचा, तो मी सांभाळून घ्यायचे. खारीक कोपऱ्यातून एक डोळा उघडून बघायची आणि मी मनात म्हणायचे, बघ गं बाई, घरात कोणाचा उपयोग आहे ते.

पण तिने माझा तो एकुलता एक माणूसही पळवला. आजोबांनी एकदा सहज तिच्या मांडीवरून हात फिरवला आणि ते बघतच राहिले. "काय पाय हायत गं तुझं! असला गडी मला जिल्ह्याच्या सामन्यात मिळाला असता तर!" दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याऐवजी तिला घेऊन बाहेर चालायला जाऊ लागले. जेवताना आपल्या ताटातली तूप लावलेली पोळी गुपचूप तिला द्यायचे. सवत म्हणतात ती हीच, अशी माझी खात्री पटली.

आजोबांना एकच खंत होती. "सूनबाई, खेळाडू हाय ती. बसवून ठिवली तर अंग आखडंल. सराव पायजे."

"बाबा, त्या बाईंनी सांगितलंय, दोन फेऱ्या पुरेत म्हणून," स्वरूपा म्हणाली.

"त्यास्नी काय ठावं! पळणाऱ्याला पळू न्हाई दिलं तर त्यो मनानं खचतो."

हे बोलताना आजोबा खिडकीबाहेर बघत होते. ते कोणाबद्दल बोलत आहेत असा प्रश्न मला पडला. पण मी मशीन, मला कोण विचारतं!

मग तो पावसापाण्याचा आठवडा आला. वारा असा, की कचऱ्याचे डबे रस्त्यावरून गडगडत जात होते. खारकेला दारापर्यंत नेलं की ती चार पाय रोवून परत फिरायची. आजोबांचा जीव कासावीस झाला. एका दुपारी विनय-स्वरूपा कामावर आणि पूर्वी शाळेत असताना त्यांची नजर खारकेवरून माझ्याकडे वळली.

"चल गं पोरी," ते म्हणाले, "घरातल्या घरात सराव करू."

पोळीचा तुकडा दाखवत त्यांनी तिला माझ्या पट्ट्यावर उभं केलं. मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली. आता ही रोज माझ्यावर धावणार! म्हणजे माझी जागा पक्की, मला कोणी हलवणार नाही. आणि बाईसाहेबांची दुपारची झोपही गेली. एका दगडात माझे दोन पक्षी! आजोबांनी बटण दाबलं.

माझी मोटार सूं करू लागली. तो आवाज ऐकताच खारकेचे कान उभे राहिले आणि तिचं सगळं अंग थरथरू लागलं. तिला काय आठवलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. ती धावू लागली. आजोबांनी वेग वाढवला, तशी ती आणखी धावू लागली. "शाब्बास माझी वाघीण!" आजोबांचे डोळे चमकत होते. खरं सांगते, माझ्यावर असं कधी कोणी धावलं नव्हतं. मी याच्यासाठीच जन्मले होते.

पण मित्रांनो, माझं सगळं आयुष्य पायांखाली गेलं आहे. तिचे तीन पाय माझ्यावर ठाम पडत होते. मागचा उजवा पाय मात्र नुसता टेकून लगेच उचलला जात होता, आणि प्रत्येक वेळी तिच्या अंगातून एक बारीक कळ माझ्यापर्यंत येत होती. ती कण्हत नव्हती. थांबतही नव्हती. समोर तो आवाज होता तोवर धावायचं, एवढंच तिला शिकवलेलं होतं. मी थांबले नसते तर ती पाय मोडेपर्यंत धावली असती.

मला तिचा राग होता, आजही आहे. ती लंगडी झाली असती तर कोणी मला बोल लावला नसता. माझी जागा राहिली असती. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू?

भार फार झाला की माझी मोटार आपोआप बंद पडते, अशी सोय माझ्यात आहे. त्या दिवशी भार काहीच नव्हता, खारकेचं वजन ते केवढं! तरी मी हळूहळू वेग कमी केला आणि थांबले.

आजोबांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मला दोन थापट्या मारल्या. मी हूं की चूं केलं नाही. मी सुरू झाले असते तर तिला पुन्हा वर चढवलं असतं. खारीक खाली उतरली ती तीन पायांवर.

संध्याकाळी स्वरूपाने तिचा लोंबता पाय बघितला आणि सगळा प्रकार उघड झाला. स्वरूपाने त्या पायाला पट्टी बांधली, आणि आजोबा पट्टीचं टोक धरून बसले. विनयने मला चालू करून बघितलं. मी गप्पच. "गेलं मशीन," असं म्हणून त्याने त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या मदतीने मला इथे शेडमध्ये आणून ठेवलं. माझ्या जागेवर खारकेचं अंथरूण पडलं.

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांनी पायाचा फोटो काढला. मैदानात कधीतरी हाड मोडलेलं होतं आणि कसंबसं जुळून आलेलं होतं. ही गोष्ट मला शेडच्या दाराबाहेरून कळली. आजोबा तिथे पायरीवर बसून विनयला सांगत होते, "चांगला खेळाडू दुखणं सांगत न्हाई. हे मलाच ठावं पायजे हुतं रं. माझाबी गुडगा किती वरीस दुखतोय, म्या कुणाला सांगितलं?"

विनय त्यांच्याशेजारी पायरीवर बसला. मग म्हणाला, "मला तरी सांगायचं, बाबा." आणि त्याने त्यांना हात देऊन उठवलं.

आता खारीक बरी आहे. रोज सकाळी ती आजोबांबरोबर हळूहळू बागेत येते. शेडचं दार उघडं असलं की मी तिला दिसते, आणि मी दिसले की ती शेपूट पोटाशी घेऊन आजोबांच्या मागे लपते. साऱ्या घरात ती मला एकटीलाच घाबरते. याचं मला किती वाईट वाटतं ते मी कोणाला सांगू? माझी उबेची जागा तिला मिळाली, माझा माणूस तिला मिळाला, पूर्वी तर आधीपासून तिचीच होती. मी तिचा हेवा करते आणि करत राहणार. तिच्या पायाला बरं आहे ना, हेही मी रोज बघते.

मित्रांनो, धावायचं थांबलेलं कोणी ना कोणी तुमच्याही घरात असेल. ते आळशी झालं, बिघडलं, असं लगेच ठरवू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, बाबा रे, दुखतंय का कुठे? या शेडमध्ये वीज नाही, त्यामुळे मला आता सिद्ध करून दाखवता येणार नाही. पण मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी बिघडले नव्हते. मी थांबले होते.