तेरा मुके दिवस

मित्रांनो, टीव्हीखालच्या फळीवर धूळ खात बसलेली चपटी काळी पेटी तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. कॅमेरे बघतात, ती साठवते. तसलाच मी एक जुना रेकॉर्डर. फिलिपिन्समध्ये, इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या एका घरात माझं सगळं आयुष्य गेलं.

मी आणि माझे चार कॅमेरे एकाच कारखान्यात जन्मलो आणि एकाच खोक्यातून या घरात आलो. आम्हाला आणलं नेल्मारने. तो मालवाहू जहाजावर इंजिनाचं तेलपाणी बघे. वर्षातले नऊ महिने समुद्रावर. घरी त्याचे वडील एवस्ताक्यो आणि धाकटी बहीण देल्फा. म्हाताऱ्याला सगळं गाव ‘तातय’, म्हणजे बाबा, म्हणे. त्याने जन्मभर होड्या बांधल्या होत्या. हात थकले तरी अंगणाच्या पार टोकाला, समुद्राकडच्या होड्यांच्या छपरात तो रोज जाऊन बसे.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. कोणाची कोंबडी कुठे गेली इथपासून सगळं लोक मला विचारत. पण खाऱ्या वाऱ्याने माझे कॅमेरे एकेक करून गंजले आणि शेवटचा वादळात गेला. आमची कंपनी तोवर बंद पडली होती. मी आंधळा झालो आणि कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग तातय छपरात पडला. देल्फा शाळेत शिकवायला गेलेली. दुपारभर तो तसाच पडून होता. पुढच्या सुट्टीत नेल्मार दुसऱ्याच कंपनीचा कॅमेरा घेऊन आला आणि जहाजावरूनही वडील दिसावेत म्हणून छपराच्या खांबाला त्याने तो बसवला.

तो कॅमेरा चांगला होता, पण माझ्या घरचा नव्हता. मी हाक मारली की तो ओ देत नसे. ओ दिली तर परवलीचा शब्द नाकारी. पहिलं चित्र आलं ते राखाडी चिखलासारखं. तो चित्राची घडी नव्या रीतीने घाली आणि मला जुनीच घडी उलगडता येई. नेल्मार शिडीवरून माझ्याकडे, माझ्याकडून शिडीकडे, असे अकरा दिवस धावत होता. फणस घालून केलेली डुकराची आमटी टेबलावर निवून जाई. तातय समोर बसून वाट बघे. लेकाला तो लाडाने ‘तोतो’ म्हणे.

“तोतो, तुझ्या आईला हो म्हणायला लावलं, तेव्हा मला एवढे दिवस लागले नव्हते,” तो एकदा म्हणाला. “ये, जेव. मी इथेच आहे की, मला असाच बघ.”

“झालंच, तातय. थोडंच राहिलंय.”

अकराव्या दिवशी नेल्मारने कॅमेऱ्याला जुनी घडी घालायला लावलं आणि चित्र लख्ख आलं. आवाजाचं मात्र जमेना. उद्या बघू, असं तो देल्फाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मनिलाहून फोन आला की जहाज लवकर सुटतंय. तो गेला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, तेव्हा तातय माझ्याजवळच बसला होता. मी छपरात बोलतो ते तुला तिथे ऐकू येतं का, असं त्याने विचारलं.

“येतं, तातय. स्पष्ट येतं.”

म्हाताऱ्याचं मन मोडू नये, एवढाच त्याचा हेतू असावा. पण त्या दिवसापासून तातय रोज दुपारी बाक ओढून कॅमेऱ्यासमोर बसू लागला. बोलू लागला. तासतासभर. हातांनी होडीची लांबी दाखवी, हसे, मध्येच थांबून बोटं मोजी. कधी बाहीने डोळे पुशी. फोनवर दोन शब्दांपलीकडे न जाणारा माणूस. बैठकीतलं बोलणं माझ्या कानावर पडे, पण छप्पर दूर, आणि तारेतून येत होतं नुसतं चित्र. त्याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ मी होतो आणि त्याचा एक शब्दही मला कळला नाही.

फेब्रुवारीत त्याला ताप आला, तो छातीत उतरला आणि चार दिवसांत तातय गेला.

मित्रांनो, माझ्या पोटात तीस दिवस मावतात. एकतिसावा आला की मी पहिला पुसतो. मला तसंच घडवलंय. नेल्मारचं जहाज भर समुद्रात होतं. तो पोचेपर्यंत रिकाम्या बाकाचा एकेक दिवस लिहायला मी तातयचा एकेक दिवस पुसत होतो. मला थांबता आलं नाही.

नेल्मार आला तेव्हा दफन होऊन गेलं होतं, नऊ दिवसांच्या प्रार्थनाही संपत आल्या होत्या. माझ्यात तातयचे तेरा दिवस उरले होते. तो ते बघत बसला. एका जागी चित्र थांबवून त्याने देल्फाला जवळ बोलावलं.

“इथे काय म्हणतोय गं? ओठांवरून कळतंय का बघ.”

देल्फाने बराच वेळ पाहिलं.

“मला कसं कळणार, मानोंग? मी जवळ गेले की तो गप्प व्हायचा. म्हणायचा, हे तोतोचं आहे.” मग थोरल्या भावाला ती हळूच म्हणाली, “तुला ऐकू येतं असं तूच सांगितलं होतंस.”

नेल्मार उठला, शिडी घेऊन छपरात गेला आणि परत येऊन माझ्यासमोर बसला. आवाजाची घडीही त्याने जुनी करून टाकली. मित्रांनो, तासाभराचं काम होतं. माझ्यातून पहिल्यांदा आवाज आला. लाटांचा. छपराच्या पत्र्यावरून जाणाऱ्या वाऱ्याचा. नेल्मार रिकाम्या बाकाकडे बघत तो ऐकत राहिला.

मग आणखी एकही दिवस पुसला जाऊ नये म्हणून त्याने माझी तार उपटली.

आता मी कपाटात असतो, तातयच्या रंध्याशेजारी. माझी धूळ कोणी झटकावी, मला दुरुस्त करावं, असं माझं मागणं नाही. कोणी तुम्हाला जेवायला हाक मारत असेल, तर हातातली तार तशीच टाका आणि जा. समोर बसा. आमच्यासारख्यांवर विसंबू नका. आम्ही फक्त जागा असेपर्यंत सांभाळतो.