हाक कुठून आली

आमचा धंदा जुन्या फर्निचरचा. गोदामात कपाटांच्या रांगा, आणि त्यांत लपायला टपलेली आमची नात. माझ्या सुनेला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही; उजव्या कानात तेवढं ऑपरेशन करून मशीन बसवलेलं. हाक ऐकू यायची, पण सगळं जग उजवीकडूनच बोलतंय असं तिला वाटायचं. म्हणून आमच्या घरात हाक मारताना हात वर करायची पद्धत पडली. नात शाळेतही मैत्रिणीला हात वर करूनच हाक मारते, मग बाईंना वाटतं हिला उत्तर येतंय.

पण कपाटामागचा हात कुणाला दिसणार? मागे पोरीच्या पायावर ड्रॉवर कोसळला. ती "आई, आई" करतेय आणि सून धावली भलतीकडेच. फार लागलं नाही, पण माझ्या लेकाने फर्मान काढलं, पोरीला हिच्या एकटीच्या भरवशावर सोडायचं नाही. सुनेचं तोंड उतरलं ते उतरलंच. आईवर राखणदार नेमायचा म्हणजे काय!

मग डाव्या कानातही ऑपरेशन करून मशीन बसवलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, कोणत्या कानात आवाज जास्त, कोणत्या कमी, यावरून दिशा ताडायला मेंदूला शिकावं लागतं. जमेलच असं नाही. कित्येक महिने नव्या कानात नुसती खरखर. मी म्हटलं, गेलं सगळं पाण्यात.

काल सून पाठमोरी बसून टेबल घासत होती. डावीकडच्या कपाटाआडून नातीने हाक मारली. सुनेचा हात थांबला आणि ती सरळ डावीकडे वळली.

"तिकडे आहे ती," मला म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एका कानात जरासं जास्त, दुसऱ्यात जरासं कमी, आणि तेवढ्यावरून लेकरू सापडतं! मी जन्मभर हेच करत आले, पण कधी नवल वाटलं नव्हतं.

लेक म्हणाला, बोलाफुलाला गाठ पडली असेल. मग सुनेला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि पोरीला चवड्यांवर फिरवत हाका मारायला लावल्या. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, सगळं बरोबर. एकदा पोर पाठीमागे होती तर सून म्हणाली समोर, आणि समोर तर भिंत. स्वतःच हसत सुटली.

मग लेकाने टेम्पोची किल्ली उचलली. खुर्च्या पोचवायच्या होत्या. नेहमीप्रमाणे मी पोरीजवळ बसायला निघाले, तर म्हणाला, "आई, तूही चल."

मी टेम्पोत जाऊन बसले. गोदामात त्या दोघीच राहिल्या.